इंजिन शांत झालं, शिसं हवेत गेलं

1995 ते 2000 या काळात मुंबईत गाडी चालवलेल्यांना आठवत असेल, पेट्रोल पंपावर ‘अनलेडेड’ असं लिहिलेलं एक वेगळं यंत्र असायचं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू कमी करणारं उपकरण) बसवलेल्या नव्या गाड्यांना तिथलं पेट्रोल लागे. बाकी स्कूटर, रिक्षा, जुन्या फियाट नेहमीच्या यंत्रासमोर रांग लावत. अनलेडेड म्हणजे शिसं न घातलेलं. मग नेहमीच्या पेट्रोलमध्ये शिसं होतं की काय? होतं. आणि ते चुकून आलेलं नव्हतं, मुद्दाम मोजून मिसळलेलं होतं. जगभर, जवळजवळ शंभर वर्षं.

शिसं विषारी आहे हे माणसाला रोमन काळापासून माहीत आहे. शिशाच्या नळांतून पाणी आणू नये, शिशाचं काम करणाऱ्यांचे चेहरे बघा कसे पांढरेफटक पडतात, असं तेव्हाच्या वास्तुतज्ज्ञ विट्रुव्हियसने लिहून ठेवलंय. तरीही विसाव्या शतकात हुशार, शिकलेल्या माणसांनी ते इंधनात घातलं आणि जाळून सगळ्यांच्या नाकात सोडलं.

एखाद्या शोधाने नंतर वाटोळं केलं की आपण एक वाक्य सहज बोलून जातो: ‘तेव्हा बिचाऱ्यांना काय कल्पना!’ कधी ते अगदी खरं असतं, कधी धादांत खोटं. गंमत अशी की दोन्हींची उत्तम उदाहरणं एकाच माणसाच्या नावावर आहेत. थॉमस मिजली हा तो अमेरिकी इंजिनिअर. त्याच्या दोन शोधांपैकी एकाचा परिणाम त्याला आणि त्याच्या मालकांना पक्का ठाऊक होता; दुसऱ्याचा त्या काळी कुणालाच ठाऊक असणं शक्य नव्हतं. दोन्हींना आपण ‘अनपेक्षित दुष्परिणाम’ म्हणतो, तिथे घोटाळा होतो.

ठोके मारणारं इंजिन

पेट्रोलच्या इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचं मिश्रण पिस्टन दाबून धरतो, मग स्पार्क प्लगची ठिणगी पडते आणि आग एका टोकाकडून दुसरीकडे पसरते. दाब जितका जास्त, तितकी त्याच पेट्रोलमधून ताकद जास्त मिळते. पण दाब फार वाढवला तर ठिणगीची आग पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपसूक पेट घेतं. एकाच पोकळीत दोन स्फोट, तेही वेळ चुकवून. बाहेर टक-टक आवाज येतो, चढावर गाडी दम तोडते, आणि असंच चालू राहिलं तर पिस्टनला भोक पडतं. याला नॉकिंग म्हणतात. गॅरेजवालेही ‘इंजिन नॉक करतंय’ असंच सांगतात.

1916 च्या सुमारास ओहायो राज्यातल्या डेटन शहरात चार्ल्स केटरिंग या संशोधकाच्या हाताखाली मिजली या आवाजाच्या मागे लागला. पुढे ही प्रयोगशाळा जनरल मोटर्सकडे गेली. मिजलीचं शिक्षण यंत्रांचं, रसायनशास्त्र तो कामातूनच शिकला. त्याने आधी आयोडीन घालून पाहिलं. लाल रंगामुळे इंधन उष्णता लवकर शोषेल असा त्याचा होरा होता. होरा साफ चुकीचा, पण आयोडीनने नॉकिंग मात्र कमी झालं. मग ॲनिलिन झालं, सेलेनियम झालं. टेल्युरियम चांगलं चाललं, पण त्याला कुजक्या लसणासारखा असा वास की अंगाला, कपड्यांना चिकटून राही आणि घरचे जवळ येऊ देईनात. शेवटी 9 डिसेंबर 1921 रोजी टेट्राएथिल लेड नावाचं शिशाचं तेलकट संयुग इंजिनात घातलं आणि आवाज बंद झाला. तेराशे भाग पेट्रोलला जेमतेम एक भाग पुरे.

इथपर्यंतची चिकाटी खरोखर दाद देण्यासारखी आहे.

आता न सांगितला जाणारा भाग. नॉकिंग थांबवणारा आणखी एक पदार्थ मिजलीला माहीत होता, इतका की त्याच्या मिश्रणाचं पेटंट त्याने स्वतः मागितलं होतं. तो म्हणजे अल्कोहोल, आपलं इथेनॉल. जाहीर व्याख्यानांतून त्याने त्याचे गुणही सांगितले होते. अडचण पैशाची होती. इथेनॉल दहा-वीस टक्के घालावं लागतं, म्हणजे तितकं पेट्रोल कमी खपतं. शिवाय धान्यातून किंवा उसाच्या मळीतून ते कुणीही गाळू शकतो, त्यावर कुणाची मक्तेदारी राहत नाही. शिशाचं संयुग थोडकं लागतं, ते बनवायला अवघड आणि त्याच्या वापराचं पेटंट आपल्या हातात. जगात जिथे जिथे गाडी धावेल तिथे गॅलनमागे आपला वाटा. जनरल मोटर्स आणि न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑइल यांनी 1924 मध्ये यासाठी मिळून कंपनी काढली. नाव ठेवलं इथाइल. शिशाचा नावात मागमूस नाही.

या संयुगात आणखी एक खोच होती, आणि मला ती सगळ्यात बोलकी वाटते. नुसतं शिसं जाळलं तर त्याचा थर स्पार्क प्लगवर आणि व्हॉल्व्हवर साचतो, इंजिन खराब होतं. म्हणून सोबत ब्रोमीनचं एक संयुग घातलं गेलं. त्याच्याशी संयोग होऊन शिसं वाफेच्या रूपात सायलेन्सरमधून बाहेर पडतं. याचा अर्थ, इंजिनात शिसं राहू नये म्हणून ते रस्त्यावरच्या हवेत फेकायची पद्धतशीर सोय केलेली होती. हवेत शिसं जाणं हा अपघात नव्हता, ती रचनाच होती.

ज्यांना माहीत होतं

टेट्राएथिल लेड 1850 च्या दशकातच तयार झालेलं होतं आणि ते जहाल विष आहे हेही तेव्हापासून नोंदलेलं होतं. ते कातडीतूनही शरीरात शिरतं. फेब्रुवारी 1923 मध्ये डेटनच्या पंपावर हे पेट्रोल पहिल्यांदा विकलं गेलं, त्याच्या आदल्याच महिन्यात मिजली स्वतः काम सोडून मोकळी हवा खायला फ्लोरिडाला निघाला होता. कारण? वर्षभर शिशाच्या संयुगांत काम केल्याने फुप्फुसांवर परिणाम झालाय, असं त्याने स्वतःच्याच पत्रात लिहिलंय.

ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या स्टँडर्ड ऑइलच्या कारखान्यात कामगार भ्रमिष्टासारखे वागू लागले. कुणाला नसलेली माणसं दिसत, कुणी हिंसक होई. काहींना हात बांधून रुग्णालयात न्यावं लागलं. पाच जण दगावले, तीसहून अधिक दाखल झाले. त्या इमारतीला कामगार आधीपासूनच ‘वेड्या गॅसची इमारत’ म्हणत. हेच संयुग बनवणाऱ्या ड्यूपाँट कंपनीच्या डीपवॉटर इथल्या कारखान्याला तर ‘फुलपाखरांचं घर’ असं नाव पडलं होतं, कारण तिथली माणसं हवेतले न दिसणारे किडे हाताने झटकत बसत.

न्यू यॉर्क, फिलाडेल्फिया अशा ठिकाणी या पेट्रोलवर बंदी आली, वर्तमानपत्रांनी झोड उठवली. तेव्हा 30 ऑक्टोबर 1924 रोजी मिजलीने पत्रकारांना बोलावलं. त्यांच्यासमोर टेट्राएथिल लेडने हात धुतले, बाटली नाकाखाली धरून मिनिटभर वास घेतला आणि हे मी रोज करू शकतो असं ठणकावून सांगितलं. पावणेदोन वर्षांपूर्वी याच पदार्थापायी आपण हवापालटाला गेलो होतो, हे सांगायचं तेवढं राहिलं.

मे 1925 मध्ये वॉशिंग्टनला सरकारने सुनावणी घेतली. कंपनीच्या प्रतिनिधीने या संयुगाला चक्क देवाची देणगी म्हटलं. हार्वर्डमधल्या औद्योगिक आजारांच्या तज्ज्ञ ॲलिस हॅमिल्टन आणि येलचे शरीरशास्त्रज्ञ यँडेल हेंडरसन विरोधात उभे राहिले. हेंडरसन यांचा इशारा असा होता की कारखान्यात माणसं पटकन मरतात म्हणून ते दिसतं. रस्त्यावर मात्र विष इतकं हळूहळू भिनेल की सरकारला जाग येईपर्यंत हे पेट्रोल सगळीकडे पोचलेलं असेल. पुढची साठ वर्षं याच वाक्याबरहुकूम गेली. सरकारी समितीने काही महिन्यांत अडीचशे माणसं तपासली, बंदी घालण्याइतकं काही सापडलं नाही असं म्हटलं, पण अभ्यास चालू ठेवा अशी पुस्तीही जोडली. अभ्यास चालू राहिला खरा, पण तो कंपन्यांच्याच पैशावर.

शिसं शरीरात काय करतं हे थोडक्यात सांगायला हवं. शिशाचा कण शरीराला कॅल्शियमसारखा वाटतो. खोटं ओळखपत्र दाखवून बंदोबस्तातून आत शिरावं तसं ते कॅल्शियमच्या वाटेने हाडांत आणि मेंदूत शिरतं. हाडात वर्षानुवर्षं दडून राहतं, गरोदरपणात हाडांतून कॅल्शियम निघतं तेव्हा तेही रक्तात उतरतं. मुलांची आतडी मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शिसं शोषतात, आणि नेमका त्यांचाच मेंदू घडत असतो. आकलन मंदावतं, लक्ष टिकत नाही, चिडचिड वाढते. एका मुलाकडे बघून ‘हे शिशामुळे’ असं कुणी सांगू शकत नाही. तक्रार करणार कोण आणि कुणाकडे? अमुक प्रमाणापर्यंत शिसं निर्धोक, अशी कोणतीही मर्यादा जागतिक आरोग्य संघटना मानत नाही.

‘आधी सिद्ध करा’

कंपन्यांचे शास्त्रज्ञ रॉबर्ट केहो यांनी चाळीस वर्षं एक भूमिका लावून धरली: शिसं माणसाच्या शरीरात निसर्गतःच असतं, ठरावीक पातळीखाली ते अपाय करत नाही, आणि करतं म्हणणाऱ्याने पुरावा द्यावा. ऐकायला किती शास्त्रशुद्ध! पुरावा गोळा करणारी प्रयोगशाळा मात्र त्यांचीच. गाड्यांपासून दूर असलेल्या माणसांत किती शिसं असतं हे बघायला ते मेक्सिकोतल्या एका शेतकरी गावात गेले, तिथेही शिसं सापडलं, आणि ‘बघा, नैसर्गिकच आहे’ असा निष्कर्ष निघाला. त्या गावची माणसं जेवत होती ती शिशाची झिलई दिलेल्या भांड्यांत.

मिजलीची बाटली, ‘इथाइल’ हे नाव आणि केहोंचा हा युक्तिवाद, यांत कल्पकता प्रयोगशाळेतल्या शोधापेक्षा कमी नाही. माझ्या मते जास्त नुकसान यांनीच केलं. 1921 च्या डिसेंबरात इंजिनात घातलेलं एक रसायन 1926 पर्यंत सहज गुंडाळून ठेवता आलं असतं.

या सगळ्याला धक्का दिला तो पृथ्वीचं वय शोधणाऱ्या एका माणसाने. क्लेअर पॅटरसन यांना उल्केतल्या शिशाचं मोजमाप करायचं होतं. युरेनियमचा क्षय होत होत शिसं तयार होतं, त्या प्रमाणावरून वय निघतं. पण आकडे काही केल्या जुळेनात, दर वेळी शिसं भलतंच जास्त निघे. कारण ते सगळीकडे होतं: धुळीत, नळाच्या पाण्यात, काचेच्या भांड्यांत, प्रयोग करणाऱ्याच्या केसांत. पॅटरसन यांनी खोली घासूनपुसून, हवा गाळून, उपकरणं आम्लात उकळून एक अति-स्वच्छ प्रयोगशाळा उभी केली आणि 1956 मध्ये पृथ्वीचं वय 455 कोटी वर्षं असल्याचं प्रसिद्ध केलं. तो आकडा आजही जवळपास तोच धरला जातो.

दुसरा कुणी असता तर सत्कार घेत फिरला असता. पॅटरसन यांना मात्र प्रश्न पडला की इतकं शिसं येतं कुठून? त्यांनी समुद्राचं पाणी तपासलं. खोल पाण्यात शिसं कमी, पृष्ठभागावर कितीतरी जास्त; म्हणजे ते वरून, हवेतून पडतंय आणि अलीकडेच पडू लागलंय. ग्रीनलँडमध्ये दरवर्षीचा बर्फ आदल्या वर्षीच्या बर्फावर साचत जातो. तिथे खोल खणून थर वेगळे केले तर 1940 नंतरच्या थरांत शिसं झपाट्याने चढलेलं. 1965 मध्ये त्यांनी लिहिलं की आज ज्याला ‘सामान्य’ पातळी म्हणतात ती नैसर्गिक पातळीच्या शंभरपट असावी. सगळेच विषबाधित असले की विषबाधा सामान्य दिसते, हे केहोंच्या मोजमापातलं भोक त्यांनी उघडं पाडलं. याचं बक्षीस म्हणून संशोधनाचे पैसे आटले, आणि 1971 मध्ये हवेतल्या शिशावर राष्ट्रीय समिती नेमली गेली तेव्हा जगातल्या या विषयाच्या सर्वांत मोठ्या जाणकाराला त्यातून वगळलं गेलं.

1979 मध्ये हर्बर्ट नीडलमन या डॉक्टरांनी बोस्टनजवळच्या शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले. रक्तातलं शिसं महिन्याभरात बदलतं, दातात ते साठून राहतं. ज्या मुलांच्या दातांत शिसं जास्त, त्यांची बुद्धिमापनातली आणि वर्गातली कामगिरी कमी निघाली. यांच्यावरही खोटेपणाचे आरोप झाले, चौकशीत ते निर्दोष ठरले.

अमेरिकेत शिसं हटायला सुरुवात झाली ती मात्र आधी, 1975 पासून, आणि मुलांच्या मेंदूसाठी नव्हेच. धुराचे नवे नियम पाळायला गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागला आणि शिशाने तो कन्व्हर्टर निकामी होत होता. शेवटी यंत्राची तब्येत कामी आली! 1976 ते 1980 या काळात अमेरिकी लोकांच्या रक्तातलं सरासरी शिसं सुमारे 37 टक्क्यांनी उतरलं. भारतात 1995 मध्ये चार महानगरांपासून सुरुवात झाली आणि 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसं बंद झालं. बाकीच्या देशांत धंदा चालूच होता. इंडोनेशियाने हेच रसायन घेत राहावं म्हणून तिथल्या अधिकाऱ्यांना लाच दिल्याची कबुली ब्रिटनच्या इनोस्पेक कंपनीने 2010 मध्ये न्यायालयात दिली. मोटारींसाठी असं पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, तिथला साठा 2021 च्या जुलैमध्ये संपला.

आणि मागे पडलेलं ते इथेनॉल? आज आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत तेच आहे, आणि त्यातला काही वाटा महाराष्ट्र-उत्तर प्रदेशच्या साखर कारखान्यांतून येतो. त्याच्यावरही वाद आहेत: मायलेज घटतं, जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या टिकतील का, आणि मराठवाड्यासारख्या तहानलेल्या भागात आणखी ऊस लावायचा का. हे प्रश्न खरे आहेत. पण ते आज उघडपणे विचारले जातायत, हा फरक लहान नाही.

ज्यांना माहीत नव्हतं

मिजलीचा दुसरा शोध 1928 चा. तेव्हाच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड भरलेलं असे. तिन्ही घातक, रात्री गळती झाली तर घरातली माणसं सकाळी उठतीलच याची खात्री नाही. पेटणार नाही आणि विषारीही नसेल असा वायू हवा होता. मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो फार थोड्या दिवसांत शोधला. कार्बन, क्लोरीन, फ्लोरीन यांचं संयुग. व्यापारी नाव फ्रिऑन, वर्ग म्हणून सीएफसी. 1930 मध्ये रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजलीने तो छातीभर ओढून मेणबत्तीवर फुंकला, मेणबत्ती विझली. माणसाला काही झालं नाही आणि आगही लागली नाही. या वेळी प्रात्यक्षिक प्रामाणिक होतं. सीएफसीने फ्रिज घराघरांत नेला, लस आणि अन्न टिकवलं.

सीएफसी कशाशीच प्रक्रिया करत नाही, हा त्याचा मोठा गुण. घात त्याच गुणाने केला. खालच्या हवेत त्याला नष्ट करणारं काहीच नसल्याने ते वर्षानुवर्षं तरंगत वर, ओझोनच्या थरापर्यंत पोचतं. तिथे तीव्र अतिनील किरण त्याला फोडतात, सुटा क्लोरीन बाहेर पडतो, आणि एकेक क्लोरीन अणू निष्प्रभ होण्याआधी ओझोनच्या लाखभर रेणूंची वाट लावू शकतो. 1928 मध्ये हे कळायचं तर वातावरणाच्या वरच्या थरातलं रसायनशास्त्र माहीत हवं, हवेतले अब्जांशात मोजण्याजोगे वायू पकडणारं उपकरण हवं. दोन्ही नव्हतं. ते उपकरण जेम्स लव्हलॉक यांनी नंतर बनवलं, आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना सीएफसी अटलांटिकवर सगळीकडे सापडलं. त्यांनीसुद्धा तेव्हा यापासून धोका दिसत नाही असंच लिहिलं.

1974 मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलँड यांनी कागदावर गणित मांडून धोका दाखवला. त्या तारखेपासून ‘काय कल्पना’ म्हणायची सोय संपली. उत्पादकांनी त्यानंतरही बरीच वर्षं ‘अजून पुरेसा पुरावा नाही’ हे पालुपद चालवलंच. 1985 मध्ये अंटार्क्टिकावरच्या हॅली बे इथल्या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी वसंतातला ओझोन कमालीचा पातळ झाल्याचं प्रसिद्ध केलं, आणि दोनच वर्षांत, 16 सप्टेंबर 1987 रोजी सीएफसीला आवर घालणारा मॉन्ट्रियल करार झाला. भारत 1992 मध्ये त्यात सामील झाला. ओझोन आता सावरतोय. अंटार्क्टिकावर तो 1980 च्या पातळीला यायला 2066 उजाडेल असा अंदाज आहे. सीएफसीऐवजी आलेले एचएफसी वायू ओझोनला हात लावत नाहीत, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो-हजारोपट आहेत, म्हणून 2016 मध्ये रवांडातल्या किगालीला त्यांच्यासाठी पुन्हा करार करावा लागला.

मिजलीने यातलं काहीच पाहिलं नाही. 1940 मध्ये त्याला पोलिओ झाला. अंथरुणातून उठता यावं म्हणून त्याने दोऱ्या आणि कप्प्यांची एक रचना केली, आणि 2 नोव्हेंबर 1944 रोजी त्याच दोऱ्यांत गळा आवळून तो गेला. यात दैवी न्याय शोधणारे खूप आहेत. मला तो मोह होत नाही. अपंग माणसाने स्वतःसाठी साधन बनवलं, एवढंच त्यात आहे.

तिसरी तऱ्हा, आपल्या घरातली

शिसं आणि सीएफसी, दोन्हींत पदार्थच वाईट निघाला. पण कधी कधी साधन निर्दोष असतं आणि वापरणाऱ्याची कल्पकता त्याला वेगळ्याच कामाला जुंपते. याचं उदाहरण शोधायला महाराष्ट्राबाहेर जायला नको.

गरोदरपणातल्या सोनोग्राफीचा उगम ग्लासगोचा. धातूतल्या भेगा ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून शोधणारं कारखान्यातलं यंत्र डॉ. इयन डोनाल्ड यांनी माणसावर वापरून पाहिलं आणि 1958 मध्ये त्यावरचा लेख प्रसिद्ध केला. बाळ आडवं आहे का, वार खाली आहे का, जुळी आहेत का, हे आधी कळू लागलं आणि असंख्य बाळंतिणी वाचल्या. याच पडद्यावर मुलगा की मुलगी हेही दिसतं. त्याआधी गर्भजल तपासणीतून ते कळत होतंच. ती तपासणी आनुवंशिक आजारांसाठी आली होती. 1980 च्या दशकात मुंबईत आज थोडा खर्च करा, उद्याचा हुंडा वाचवा अशा अर्थाच्या जाहिराती उघड लागत.

इथे कुणाला काय कल्पना होती? सगळ्यांना सगळी. मुंबईतल्या स्त्री-संघटना रस्त्यावर आल्या, आणि 1988 मध्ये अशा तपासण्यांवर कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. केंद्राचा कायदा 1994 चा, लागू झाला 1996 मध्ये. तो कागदावरच राहिला म्हणून मुंबईची सेहत, पुण्याची मासूम या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. 2003 मध्ये सुधारित कायदा आला. तरी आकडे बघा. राज्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे 2001 मध्ये 913 मुली होत्या, 2011 मध्ये 894. बीड जिल्ह्यात याच दहा वर्षांत 894 वरून 807.

‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी आज प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात असते. प्रत्येक यंत्राची नोंदणी असते, प्रत्येक गरोदर बाईमागे तपासणीची नोंद म्हणून ‘फॉर्म एफ’ भरावा लागतो. ज्याला सांगायचंच आहे तो तोंडाने सांगत नाही. मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी वाटायची आपली रीत. तीच सांकेतिक भाषा झाल्याच्या बातम्या येऊन गेल्या. दुसरीकडे, फॉर्मातला एखादा रकाना राहिला म्हणून यंत्राला सील लागल्याची तक्रार प्रामाणिक रेडिओलॉजिस्ट करतात, आणि यंत्र केंद्राबाहेर न्यायला इतकी बंधनं आहेत की दुर्गम पाड्यावरच्या बाईपर्यंत ते सहजी पोचत नाही. ही तक्रार अगदीच पोकळ नाही. पण 807 हा आकडाही डॉक्टरांशिवाय झालेला नाही.

हा कायदा यंत्राभोवती बांधलेला आहे: यंत्राची नोंद, यंत्राची जागा, यंत्र विकणाऱ्याचा हिशेब. आता आईच्या रक्तात फिरणाऱ्या गर्भाच्या डीएनएची तपासणी आली आहे. दहाव्या आठवड्याच्या आसपास हातातून थोडं रक्त काढायचं, डाउन सिंड्रोमसारखे दोष बाळाला अजिबात धक्का न लावता तपासायचे. उत्तम तपासणी आहे. त्याच रक्तातून लिंगही कळतं. भारतातल्या प्रयोगशाळेने ते सांगणं गुन्हा आहे, पण रक्ताची एक नळी कुरिअरने कुठेही जाऊ शकते, आणि उत्तर मोबाइलवर येतं. सील ठोकायला तिथे यंत्रच नसतं.